हजयात्रेत चक्कर का येते आणि तोल का जातो

हजच्या दिवसांत मक्केहून आपल्याकडे येणाऱ्या वाईट बातम्या बहुधा दोनच प्रकारच्या असतात : उष्माघात आणि चेंगराचेंगरी. २०२४ च्या जूनमध्ये मस्जिद-ए-हरामच्या, म्हणजे काबागृह असलेल्या मशिदीच्या, परिसरात ५१.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि सौदी सरकारने त्या हजमधील मृतांचा आकडा १,३०१ असा जाहीर केला. त्यांतील बहुसंख्य लोक अधिकृत परवान्याशिवाय आलेले होते, म्हणजे सावली, तंबू आणि बस यांची सोय त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. या मोठ्या बातम्यांखाली एक लहान गोष्ट झाकली जाते. परवाना, तंबू, बस असे सगळे नीट असलेला एखादा वयस्कर हाजी पायरी उतरताना किंवा न्हाणीघरात जमिनीवर कोसळतो, खुब्याचे हाड मोडते आणि त्याचा हज तिथेच रुग्णालयाच्या खाटेवर अडकतो. विचारल्यावर तो किंवा त्याचे सोबती एवढेच सांगतात, की चक्कर आली. ती का आली याचा शोध सहसा कोणी घेत नाही, ‘वय झाले, अशक्तपणा आला’ असे म्हणून विषय संपतो. त्यामागची कारणे मात्र ओळखता येतात, आणि बरीचशी घरून निघण्याआधीच ओळखता येतात.

भारताच्या वाट्याला हजसाठी १,७५,०२५ जागा आहेत. मुलींची लग्ने झाली, घर बांधून झाले, पेन्शन किंवा शेतीचे चार पैसे साठले, की मग हजचा अर्ज भरायचा, ही आपल्याकडील अनेक कुटुंबांची रीत असल्यामुळे मुंबई किंवा नागपूरच्या विमानतळावरून निघणाऱ्या हाजींमध्ये साठी-सत्तरीचे लोक भरपूर दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांना रक्तदाब किंवा मधुमेह असतो आणि काहींना दोन्ही. ज्या वयात घरातून मशिदीपर्यंत जाणे हाच दिवसाचा व्यायाम असतो, त्या वयात मिना (तंबूंचा तळ), अराफात (मैदान), मुझदलिफा (रात्र काढण्याचा माळ), जमरात (खडे मारण्याचे खांब) आणि हरम (काबागृहाची मशीद) अशी पाच-सहा दिवसांची धावपळ अंगावर येते.

माणूस उभा राहतो, चालतो, वळतो आणि तरीही पडत नाही, यासाठी शरीर तीन ठिकाणांहून माहिती गोळा करत असते. कानाच्या आतल्या भागातील तोल सांभाळणारे अवयव डोके कोणीकडे वळले ते कळवतात, डोळे आजूबाजूचे जग स्थिर आहे की हलते आहे ते सांगतात आणि तळपाय व सांधे जमिनीचा अंदाज देतात. या तिन्ही खबरी मेंदूत जुळल्या की तोल राहतो. वयानुसार तिन्ही थोड्या थोड्या मंदावतात, पण एक कमी पडली तर दुसरी सांभाळून घेते, म्हणून घरी काही जाणवत नाही. हजमध्ये नेमके हे सांभाळून घेणेच अवघड होते. मुझदलिफाच्या मोकळ्या माळावर रात्री अंधुक उजेडात डोळ्यांची मदत कमी होते. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर गालिचा, संगमरवर आणि डांबर यांतला फरक पायांना कळत नाही. गर्दीत तर समोरचे सगळे दृश्यच हलत असते.

चक्कर म्हणून जे सांगितले जाते त्यात निदान तीन वेगळे त्रास असतात आणि डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांतला कोणता होतो हे सांगता आले तर निम्मे निदान तिथेच होते. उठून उभे राहताच डोळ्यांसमोर अंधारी येणे, कानात घूं होणे, घाम फुटणे आणि बसल्यावर बरे वाटणे, हा पहिला प्रकार, त्याचा संबंध मेंदूला पोहोचणाऱ्या रक्ताशी असतो. पलंगावर कूस बदलताना किंवा मान वर करताना खोलीच गरगर फिरल्यासारखी वाटणे हा दुसरा, तो बहुतेक वेळा कानाचा असतो. डोके अगदी ठीक, पण चालताना पाय ठरत नाहीत, झोकांडी जाते, भिंतीचा आधार घ्यावासा वाटतो, हा तिसरा, आणि तो पाय, सांधे, नसा किंवा मेंदूकडे बोट दाखवतो. तिघांचे उपाय वेगळे आहेत. एकासाठी दिलेली गोळी दुसऱ्यात उपयोगी पडत नाही, कधी कधी अपायही करते.

हजमध्ये सर्वांत अधिक महत्त्वाचा ठरतो तो पहिला प्रकार. आपण बसलेले किंवा झोपलेले असताना उठून उभे राहिलो की गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. मानेतील आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी केंद्रे असतात, ती हा बदल टिपतात, नाडी वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि काही क्षणांत मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ववत होतो. ही यंत्रणा वयाने आणि मधुमेहाने सुस्त होते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर हा दोष आहे असे वैद्यकशास्त्र मानते.

आता यावर हजची परिस्थिती रचून पाहा. उष्णतेत शरीर थंड राहण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या पसरवते, म्हणजे बरेच रक्त त्वचेकडे वळते. घामातून पाणी आणि मीठ जाते, म्हणजे मुळातच रक्ताचे आकारमान घटते. दुपारची नमाज गर्दीत बराच वेळ उभे राहून होते. सजद्यातून, म्हणजे कपाळ जमिनीला टेकलेल्या अवस्थेतून, थेट उभे राहणे हा तर रक्तदाबाच्या यंत्रणेची परीक्षा घेणाराच बदल आहे. घरी पंख्याखाली जी उठबस जन्मभर सहज झाली, तीच बेचाळीस अंशांत आणि अर्धपोटी अंधारी आणू शकते.

एक काल्पनिक पण डॉक्टरांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. परभणीकडचे अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या खणात रक्तदाबाची एक गोळी आहे, जिच्यात लघवी वाढवणारे औषधही मिसळलेले आहे. रात्रीच्या खणात प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आहे, जी लघवीचा मार्ग मोकळा करताना रक्तवाहिन्याही काहीशा सैल करते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे, जी जेवण चुकले तर साखर खाली नेते. झोप लागत नाही म्हणून कोणीतरी सुचवलेली अर्धी गोळीही आहे. यांतले प्रत्येक औषध आपापल्या जागी रास्त असेल. अराफातच्या दिवशी मात्र ते जेवले कमी, स्वच्छतागृहाची रांग नको म्हणून पाणीही बेतानेच प्यायले, रात्री बस अडकल्याने मुझदलिफाला उशिरा पोहोचले, चटईवर तासभर पडले आणि पहाटे रमीसाठी, म्हणजे जमरातच्या खांबांना मारण्यासाठी, हरभऱ्याएवढे खडे वेचायला वाकले. वाकून उठताना ते पडले. त्यांना कोणता नवा आजार झाला? कोणताही नाही. चार औषधे, ऊन, उपाशीपोट आणि अपुरी झोप एकाच वेळी जुळून आली.

म्हणूनच हजच्या तयारीत बॅगेइतकेच लक्ष गोळ्यांच्या डबीकडे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि मेंदुज्वराची लस या गोष्टी सक्तीच्या असल्यामुळे होऊन जातात. पण उभे राहिल्यावर रक्तदाब किती होतो, हे मोजण्याचा आग्रह कोणी धरत नाही, आणि हाजी खुर्चीत बसलेला असताना घेतलेला एक आकडा कागदावर लिहिला जातो. ही तपासणी घरच्या यंत्रावरही जमते. पाच मिनिटे आडवे पडून दाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा, आणि शेजारी कोणीतरी असावे. फरक मोठा निघाला किंवा अंधारी आली तर ते आकडे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि सरळ विचारावे, की तिथल्या उन्हात यांतल्या कोणत्या गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायची. हे निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी झाले तर बदललेली मात्रा मानवते की नाही तेही कळते. मनाने गोळी बंद करणे मात्र टाळावे. रक्तदाब अचानक चढला तर त्याचे संकट चक्करेपेक्षा मोठे असते.

काबागृहाभोवती सात वेळा फिरल्यामुळेच चक्कर येते, असा एक समज आहे. तो हिशोबाने तपासता येतो. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका वळण्याचा वेग बदलला की चाळवतात, लहान मूल जागेवर गिरकी घेते तेव्हा नेमके हेच होते. तवाफमध्ये, म्हणजे या सात फेऱ्यांत, एका फेरीला गर्दीत दहा मिनिटे लागली असे धरले, तर ३६० अंश ६०० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वळणे होते, आणि इतके संथ वळण कानाला जवळपास जाणवतही नाही. तवाफचा त्रास येतो तो दुसरीकडून. चहूबाजूंनी सरकणारी डोकी डोळ्यांना फसवतात. हजर-ए-अस्वदच्या, म्हणजे काबागृहाच्या कोपऱ्यातील काळ्या दगडाच्या, रेषेपाशी लोक हात उंचावण्यासाठी थबकतात आणि मागून लोंढा येतच राहतो. वरच्या मजल्यावर गर्दी विरळ असली तरी फेरीचे अंतर कितीतरी वाढते. पाठोपाठ सफा आणि मरवा या टेकड्यांमधील सईच्या, म्हणजे ये-जा करण्याच्या, सात खेपा असतात, त्यांचेच अंतर सुमारे तीन किलोमीटर भरते. तवाफनंतर बसून, पाणी पिऊन, दम घेऊन मग सई सुरू करायला काहीच हरकत नसते, तरी गटातील तरुणांच्या पावलांशी बरोबरी करण्याच्या नादात वयस्कर माणसे ही विश्रांती गाळतात.

कानाचा खरा त्रास वेगळ्या प्रसंगी उद्भवतो. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके विशिष्ट दिशेने हलवताच जग गरगरू लागते आणि बहुधा मिनिटभरात थांबते. साठीनंतर हा विकार बराच आढळतो. सजद्यात जाताना, नमाजाच्या शेवटी मान वळवून सलाम फेरताना किंवा हरमसमोरच्या ६०१ मीटर उंच घड्याळाच्या मनोऱ्याकडे मान मागे टाकून पाहताना तो अचानक जाणवू शकतो. यावरचा मुख्य उपाय गोळी हा नसून डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण मूळ जागी पोहोचवण्याची एपली नावाची क्रिया हा आहे, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ ती दवाखान्यात काही मिनिटांत करतात. घरी कूस बदलताना गरगरत असेल तर ते निघण्यापूर्वीच दाखवून घ्यावे. दुकानातून घेतलेली चक्करेची गोळी महिनोन्महिने घेत राहिल्यास झापड येते आणि मेंदूची तोल सावरण्याची स्वाभाविक सवयही लांबते. सर्दीसाठी सहज घेतली जाणारी सेटिरिझिनसारखी गोळी आणि झोपेच्या गोळ्यादेखील पहाटेच्या अंधारात पाय अडखळायला हातभार लावतात.

मधुमेहींना साखर कमी झाल्याची लक्षणे उन्हाच्या त्रासापासून वेगळी ओळखणे कठीण जाते, कारण घाम, थरथर, धडधड आणि भोवळ दोन्हींत असते. त्यामुळे ग्लुकोमीटर मोठ्या बॅगेत न ठेवता कमरेच्या पाकिटात असावे आणि सोबत साखर किंवा ग्लुकोज असावे. इन्सुलिन उन्हात तापले तर निकामी होते, ते गार पाकिटात न्यावे. बधिर पायांच्या हाजींनी तवाफमध्ये मऊ तळव्याचे मोजे घालण्याबद्दल आधीच माहिती घ्यावी, कारण पुरुषांसाठी एहरामचे, म्हणजे हजच्या पेहरावाचे, नियम वेगळे आहेत, स्त्रियांना मोजे चालतात. काहीही असो, तापलेल्या डांबरावर अनवाणी पाऊल पडता कामा नये. तळवा भाजला तरी अशा माणसाला ते संध्याकाळी जखम दिसल्यावरच समजते.

पाण्याबद्दल सगळेच सांगतात, तरी दोन गोष्टी सांगायच्या राहतात. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावर निथळतो आणि आपण किती घामेजलो ते दिसते. मक्केची हवा कोरडी असल्यामुळे घाम येताच उडून जातो आणि अंग कोरडेच वाटते, पाणी मात्र तेवढेच गेलेले असते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मिना आणि अराफात येथील स्वच्छतागृहांच्या रांगांना भिऊन अनेक स्त्रिया आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष जाणूनबुजून पाणी कमी पितात. चक्करेचे हे कारण कोणी उघडपणे बोलत नाही, म्हणून गटप्रमुखाने ते आपण होऊन विचारायला हवे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, एवढी खूण पुरे. फार घाम येत असताना नुसतेच पाणी ढोसत राहिल्याने रक्तातील मीठ पातळ होऊ शकते, म्हणून मधूनमधून पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ओआरएस घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील तर पाणी आणि ओआरएस दोन्हींचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हज चांद्र वर्षाप्रमाणे येत असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो मेच्या अखेरीस येतो आणि पुढल्या काही वर्षांत सौम्य हवेच्या महिन्यांत पोहोचेल. त्याने उष्माघात कमी होतील, पण पडणे त्या प्रमाणात कमी होईल असे मानू नये, कारण पायऱ्या, ओले संगमरवर आणि गोळ्या ऋतूप्रमाणे बदलत नाहीत.

प्रत्यक्ष पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. वुजूच्या, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्याच्या, ठिकाणी आणि जमजमच्या पवित्र पाण्याजवळ फरशी ओली असते आणि झिजलेली रबरी चप्पल तिथे हमखास घसरते. सरकत्या जिन्याची सवय नसलेली माणसे पहिल्या पायरीवर पाऊल टाकताना डगमगतात, वर एहरामची लुंगी किंवा बुरख्याचा घोळ पायात येतो. लुंगी घोट्याच्या वर राहील अशी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि तशी दोन-चार दिवस घरात वावरून पाहावी. रात्री उठून न्हाणीघराकडे जाताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. आपले पाय कितपत भरवशाचे आहेत याचीही एक सोपी परीक्षा आहे. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे आणि रोजचे चालणे थोडे थोडे वाढवत नेणे, हे महिनाभर केले तरी फरक दिसतो.

गर्दीत भोवळ आली तर काय करायचे हे आधीच ठरलेले हवे, कारण त्या क्षणी विचार सुचत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली की माणूस स्वतःच्या इच्छेने चालत नाही, गर्दी त्याला नेते. अशा जागी एक जण खाली बसला तर मागच्यांचा आधारच निघून जातो आणि ते त्याच्यावर कोसळतात. म्हणून तिथल्या तिथे थांबू किंवा बसू नये, प्रवाहाच्या दिशेनेच पण तिरके सरकत कडेला यावे, सोबत्याचा दंड धरावा, आणि चप्पल, तसबीह (जपमाळ), मोबाइल काहीही पडले तरी उचलायला वाकू नये. उभे राहणे भागच असेल तर पोटऱ्या आणि मांड्या आवळाव्यात किंवा पायावर पाय घालून दाबावेत, त्याने पायांतले रक्त वर ढकलले जाते आणि अंधारी काही क्षण मागे हटते.

माणूस कोसळलाच तर त्याला कडेला आडवे करून पाय उंच करावेत, शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये आणि शक्य असल्यास साखर तपासावी. अंग चटका बसेल इतके गरम आणि बोलणे असंबद्ध असेल तर तो उष्माघात आहे असे धरून मदत येईपर्यंत ओले करून वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. चेहरा वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, जीभ अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर तो उठून बसला आणि हसून बोलू लागला तरी त्याला रुग्णालयात दाखवावेच.

चाकाची खुर्ची घेतली तर इबादत (उपासना) उणी पडेल, ही भीती अनेक वयस्कर हाजींच्या मनात असते आणि त्यापायीच ते ओढत ओढत चालतात. धर्मपरंपरेत मात्र याला जागा आहे. प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा आजारी असताना त्यांना लोकांच्या मागून वाहनावर बसून तवाफ करण्यास प्रेषितांनी सांगितल्याचे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या नोंदींत, आले आहे. कुटुंबातील अशक्तांना मुझदलिफाहून गर्दीच्या आधी, रात्रीच निघण्याची मुभाही त्यांनी दिली होती. ज्याला खरोखर जमत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने रमी करण्याची सवलतही आहे. आपल्या मसलकप्रमाणे (धार्मिक पंथाप्रमाणे) यांतले काय लागू होते ते आलिमांना, म्हणजे धर्मपंडितांना, विचारून घ्यावे, आणि ते अराफातच्या मैदानात न विचारता हज प्रशिक्षणाच्या शिबिरातच विचारावे, म्हणजे ऐनवेळी मुलगा आणि बाप यांच्यात वाद होत नाही.

निघताना औषधांची मूळ रासायनिक नावे, मात्रा, आजार आणि ॲलर्जी इंग्रजीत लिहिलेला एक कागद ओळखपत्राच्या पाकिटात आणि त्याची एक प्रत सोबत्याकडे असावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे सौदीतील डॉक्टरांना ओळखता येतीलच असे नाही. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. गोळ्यांच्या वेळा त्या घड्याळाप्रमाणे कशा बसवायच्या, ते त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घ्यावे.